कॉलनीचे रस्ते पालिकेच्या नावावर करायचं काम, वहीतल्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

काम घेतलं. जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, तापीकडच्या अंगाला १९९८ चा लेआउट, ६४ प्लॉट, आणि रस्ते, गटार, ओपन स्पेस यातलं काहीच अजून पालिकेकडे वर्ग नाही. रहिवासी मंडळाचे आबा (एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर) पिशवीत फुगलेली फाइल घेऊन आले, म्हणे साहेब तुमचं लायसन आहे, नगररचनेत ऊठबस आहे, एवढं आमचं करून द्या.

फाइलमधे लग्नपत्रिका, एलआयसीची पावती, आणि त्याच्यात दबलेला मंजूर नकाशा. एकूण क्षेत्र २०,२०० चौ.मी., म्हणजे साधारण पाच एकर. प्लॉट १२,४००, ओपन स्पेस २,०२० (दहा टक्के, बरोबर), रस्ते ५,७८०. मेन रस्ता १२ मीटर, आतले ९ मीटर. एन.ए. (बिनशेती) ऑर्डरमधे अट स्पष्ट आहे, रस्ते गटार लाईट विकासकानं करून द्यायचं आणि स्थानिक संस्थेला विनामूल्य हस्तांतरित करायचं. विकासकाचं तसं हमीपत्रही आहे स्टॅम्पवर. त्यापुढं काहीच नाही. प्लॉट विकले, पैसे आले, विषय संपला.

ऑनलाइन सातबारा काढले, पंधरा रुपयाला एक. प्लॉटवाल्यांचे सगळे वेगळे निघालेत. ओपन स्पेसचाही वेगळा आहे. पण रस्त्यांचा वेगळा सातबारा नाहीच, रस्ते अजून मूळ गटातच, आणि विकासक वारल्यावर वारसाची नोंद झाली तेव्हा बायको, दोन मुलं आणि मुलगी अशी चार नावं रस्त्यावर आणि ओपन स्पेसवर चढली. म्हणजे आज आबा ज्या रस्त्यानं दूध आणायला जातात त्या रस्त्याचे कागदोपत्री चार मालक आहेत.

९ जानेवारी

मंडळाची मीटिंग, महादेवाच्या मंदिरासमोर. माणसं बरीच, सगळ्यांचं म्हणणं एकच की आम्ही वर्षानुवर्षं घरपट्टी भरतो मग रस्ता का नाही. मी म्हटलं घरपट्टी तुमच्या घरावर आहे, त्यानं खालची रस्त्याची जमीन पालिकेची होत नाही. पटलं नाही कोणाला. एक मावशी मागून म्हणाल्या, "भाऊ, हाऊ रस्ता कोना शे ते तरी सांगा." हा प्रश्न मात्र नेमका होता. सांगितलं, तुम्ही ज्यांच्याकडून प्लॉट घेतला त्यांच्या पोरांचा. एकदम शांतता, मग एकदम गलका.

एकानं विचारलं आमदार निधीतून होत नाही का. होत नाही असं नाही, पण खासगी मालकीच्या जागेवर सरकारी पैसा टाकता येत नाही, एस्टिमेटला जागेच्या मालकीचा दाखला लागतो, आणि तो दाखला आपल्या पालिकेचा इंजिनिअर देऊच शकत नाही, तो खोटं कसं लिहिणार. मागच्या निवडणुकीला जी खडी पडली होती ती कुठल्या हेडमधून पडली ते मी विचारलं नाही.

२१ जानेवारी

रस्त्याला दोन ठिकाणी खड्डा खणून पाहिला. पालिका विचारणारच की रस्ता काय दर्जाचा आहे, आपल्याकडे आधी उत्तर असावं. मेन रस्त्यावर वर जेमतेम २० मिमी डांबरी कार्पेट, तेही भाजलेलं, हातानं चुरा होतो. त्याखाली खडीचा एक ७५ मिमीचा थर. आणि त्याखाली सरळ काळी माती, मुरुमाचा पत्ता नाही. टिकावानं ढेकूळ काढलं तर बोटाएवढ्या भेगा, आणि भेगांमधे वरून गळलेली बारीक खडी थेट खोल गेलेली. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते, तिच्यावर मुरुमाची गादी न घालता खडी टाकली की दोन पावसात रस्ता लाटालाटांचा होतो, हे खान्देशातल्या कुठल्याही मिस्त्रीला माहीत आहे. विकासकालाही माहीत असणार. मुरुमाचे ट्रक वाचवले.

आतल्या गल्लीत तर डांबरच नाही, लोकांनी आपापल्या दारापुरतं काँक्रीट टाकलंय, प्रत्येकाची लेव्हल वेगळी, पाणी शेजाऱ्याकडे. गटार उघडं आहे आणि कोपऱ्यावर येऊन संपतं. पुढं नाला ज्याच्या शेतात आहे त्याची वेगळी कथा, ती नंतर.

१८ फेब्रुवारी

भूमी अभिलेखची मोजणी झाली, लवकरची फी भरलेली म्हणून तारीख लवकर मिळाली. सकाळी सातलाच सुरू केलं. रोव्हर (उपग्रहावरून जागा मोजणारं यंत्र) घेऊन पोरगं आलं होतं, काम चोख. पूर्वी साखळी टाकून दिवस जायचा आणि शेवटी दोन्हीकडचे लोक साखळी धरणाऱ्यावर संशय घ्यायचे, आता यंत्रावर घेतात.

मेन रस्ता १२ मीटरचा, शाळेकडच्या टोकाला १०.६ भरला. कोणी मुद्दाम दाबलाय असं नाही, एकानं गाडी चढवायला रॅम्प केला, दुसऱ्यानं ओटा, तिसऱ्यानं ओट्यावर जाळी लावून जिन्याची पायरी बाहेर काढली. ओपन स्पेसमधे तीन गोष्टी, महादेवाचं मंदिर, मंडळाचं पत्र्याचं शेड, आणि उत्तरेच्या कोपऱ्यात एका प्लॉटवाल्याची ट्रॅक्टर-ट्रॉली, कडबाकुट्टी आणि भोवती तारेचं कुंपण. कुंपण नकाशात कुठंच नाही. विचारलं तर म्हणे ही जागा माझी, विकत घेतलीय. कागद दाखवा म्हटलं तर घरी आहे म्हणे.

हद्दीच्या खुणा लावल्या. रात्रीतून दोन खुणा उपटल्या गेल्या. फोटो काढून ठेवले होते.

४ मार्च

पालिकेच्या इंजिनिअर साहेबांशी बसलो, फाइलवर त्यांच्या तीन हरकती, पहिली मंदिराची. सुप्रीम कोर्टाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे की रस्ते, बागा, सार्वजनिक जागेवर यापुढं अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ द्यायचं नाही, आणि आधीची असतील त्यांचा प्रकरणनिहाय निर्णय. साहेब म्हणे मंदिर नंतरचं असेल तर मी ही जागा ताब्यात घेऊन स्वतःच्या गळ्यात का बांधू. त्यांचं चूक नाही.

आता मंदिर कधीचं ते कोणाला आठवेना. कोणी म्हणे माझ्या पोराच्या जावळाच्या वर्षी, कोणी म्हणे त्याच्या आधी. आबांनी मला गाभाऱ्याच्या चौकटीजवळ नेलं, तिथं संगमरवरी पाटी, देणगीदारांची नावं, अकराशे एक, पाचशे एक, एका नावापुढं "विटा एक ट्रक". तेलानं आणि शेंदरानं खालच्या ओळी बुजलेल्या. आबांनी चुन्याची डबी काढली, पाण्यात चुना कालवून पाटीवर चोळला आणि रुमालानं पुसला, तशी कोरलेली अक्षरं पांढरी उठली. चैत्र शुद्ध, पुढं तिथी, शके १९२९. म्हणजे २००७. फोटो काढला, देणगीच्या पावतीबुकाच्या स्थळप्रती मिळाल्या त्याही जोडल्या, आणि दोन जुन्या वीजबिलांच्या प्रती. साहेबांनी फोटो झूम करून पाहिला आणि मान हलवली.

शेडची अडचण नाही, खुल्या जागेत वाचनालय, व्यायामशाळा वगैरेसाठी १५ टक्क्यांपर्यंत बांधकाम नियमात बसतं, मंदिर आणि शेड मिळून त्याच्या आसपासही जात नाही.

११ मार्च

दुसरी हरकत, रस्ता चांगला करून द्या मगच घेतो. इथं माझं आणि साहेबांचं जरा वाजलं. नियमानं त्यांचं बरोबर आहे, एन.ए. ऑर्डर तेच म्हणते, करून द्यायचं आणि मग द्यायचं. पण विकासक वारला, त्याच्या पोरांच्या खिशातून मेन रस्त्याचं काँक्रीट निघणार नाही, कोर्टात गेलात तर दहा वर्षं, आणि तोवर ही ६४ घरं चिखलात. मी म्हटलं जमीन आधी घ्या, रस्त्याची आजची अवस्था पंचनाम्यात लिहा, "आहे त्या स्थितीत" असा शब्द टाका, विकासखर्चाची वसुली वारसांवर राखून ठेवा हवं तर. पण सातबारा आधी.

लोक (आणि ऑफिसही) डांबराला रस्ता समजतात, मला वाटतं जमीन हाच रस्ता आहे, डांबर पुढच्या बजेटात येतं. जमीन एकदा वारसांच्या वारसांमधे वाटली गेली की सह्या गोळा करता करता माणूस संपतो.

साहेबांनी मुख्याधिकाऱ्यांसमोर विषय ठेवला. सध्या निवडून आलेली बॉडी नाही, मुख्याधिकारीच प्रशासक आहेत, म्हणजे सर्वसाधारण सभेत नगरसेवकांची भाषणं नाहीत, ठराव एका सहीनं होतो. लोकशाही म्हणून हे काही बरं नाही, पण या फाइलपुरतं बरं झालं.

तिसरी हरकत रस्त्याच्या रुंदीची. ज्यांचे ओटे पुढे आलेत त्यांच्याकडून लेखी घ्यायचं की काढून घेऊ. चौघांनी लगेच दिलं, एकानं "बायकोला विचारून सांगतो".

२४ मार्च

वारसांकडे गेलो. थोरले गावातच, केळी आणि कापूस, माणूस सरळ, म्हणे बाबांनी कबूल केलं होतं तर द्यायचंच. आई खाटेवर बसून ऐकत होत्या, त्यांनाही मान्य. धाकट्यांचा प्लॉट खरेदी-विक्रीचा धंदा. ते म्हणे रस्ते घेऊन जा, पण ओपन स्पेसचा उत्तरेचा कोपरा रोडटच आहे, तेवढे दोन गुंठे ठेवून बाकी देऊ, आज तिथं गुंठ्याला काय भाव आहे माहीत आहे ना साहेब.

त्यांना शांतपणे सांगितलं. चेतराम वशिष्ठ विरुद्ध दिल्ली महापालिका असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, १९९५ च्या लॉ रिपोर्टात, आणि तो दोन्हीकडून वाचण्यासारखा आहे. कोर्ट म्हणतं की लेआउट मंजूर करताना नुसती अट घालून पालिका जमिनीची फुकट मालक होत नाही. धाकट्यांचा चेहरा खुलला. मग पुढचं सांगितलं, तेच कोर्ट म्हणतं की लेआउटमधे बाग, रस्ता, शाळा म्हणून दाखवलेली जागा मूळ मालकाला दुसऱ्या कामाला वापरता येत नाही, तो लोकांच्या वतीनं नुसता विश्वस्त उरतो. म्हणजे तुम्हाला विकता येणार नाही, बांधता येणार नाही, आणि कोणी पोरगं तिथल्या उघड्या विहिरीत पडलं तर नोटीस मालक म्हणून तुमच्या नावानं येईल. विहीर खरंच आहे, जाळी तुटलेली.

थोरल्यांनी एवढंच म्हटलं, "भाऊ, बाबांच्या नावाला बट्टा नको." धाकटे उठून आत गेले. चहा आला, तो त्यांनीच आणला.

बहीण उधन्याला, सुरतेत. खान्देशातल्या निम्म्या घरांची एक फांदी तिकडं असतेच. तिच्या सहीसाठी दोन वाटा, एक म्हणजे तिकडच्या सब-रजिस्ट्रारसमोर कुलमुखत्यारपत्र करून घ्यायचं (नोटरीचं चालत नाही, दस्त नोंदवायला मुखत्यारपत्र ती राहते तिथल्या सब-रजिस्ट्रारकडूनच प्रमाणित लागतं), नाहीतर तिला इकडं आणायचं. आई म्हणाल्या मुखत्यार-बिखत्यार कशाला, आखाजीला येईलच ना ती माहेरी. यंदा आखाजी (अक्षय तृतीया) ३० एप्रिलला. ठरलं.

३० मार्च, पाडवा

सुट्टी. तरी पाचोरा रोडवर नवीन लेआउट टाकणारा एक तरुण डेव्हलपर ऑफिसला येऊन बसला, वडील बरोबर. रेरा (बिल्डर-डेव्हलपरवरच्या कायद्याचा) नंबर घेतलाय, ब्रोशर छापलंय, गेटचं डिझाइन दाखवत होता. मी विचारलं रस्त्यांचं काय. म्हणे सगळे प्लॉट विकले की बघू.

त्याला सांगितलं की आता तुझं १९९८ नाही. रेरामधे पालिका किंवा प्लॉटधारकांची संस्था ताबा घेईपर्यंत देखभाल तुझी, सामाईक जागेचं खरेदीखत करून देणं तुझ्यावर बंधनकारक, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कामात खोट निघाली तर दुरुस्ती फुकट तुझ्याकडून. पण कायदा बाजूला ठेव, साधा हिशोब बघ. मोजणी होऊन कमी-जास्त पत्रक (कुठला तुकडा किती क्षेत्राचा वेगळा पडला त्याचा भूमी अभिलेखचा कागद) निघतं तेव्हाच रस्त्याचा आणि ओपन स्पेसचा वेगळा सातबारा पाड, पहिल्या प्लॉटचा दस्त नोंदवशील त्याच आठवड्यात रस्त्याचाही पालिकेच्या नावानं नोंदव. आज वडील बाजूला बसलेत, एका सहीचं काम आहे. वडील हसले, पण मुलाकडे बघून हसले.

मुरुमाचंही सांगितलं. ते त्यानं लिहून घेतलं नाही.

१६ एप्रिल

ठराव झाला, प्रत मिळाली. रस्त्यांचं कमी-जास्त पत्रक झालं, वेगळा हिस्सा पडला, याला खरा वेळ गेला, भूमी अभिलेखच्या टेबलाटेबलावर. दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाला (म्हणजे मुद्रांक शुल्क किती ते त्यांनीच ठरवून द्यायला) टाकला होता तोही परत आला. शुल्क लागतं की नाही, किती लागतं यावर वकील लोक तासभर बोलतात, त्यापेक्षा अभिनिर्णय करून घेतलेलं बरं, मग सब-रजिस्ट्रारच्या काउंटरवर कोणी शंका काढत नाही.

प्रतिज्ञापत्रं, संमतीपत्रं यांच्या कागदाचा खर्च मंडळानं दिला. शंभरचा स्टॅम्प आणला होता एकानं, परत पाठवला, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झालाय. आबा म्हणे कागदच महाग केला सरकारनं, रस्ता कधी स्वस्त होईल.

२ मे, शुक्रवार

दस्त नोंदला. आखाजीच्या दिवशी सब-रजिस्ट्रारकडे मुहूर्ताची गर्दी, काल महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणून आजचा दिवस धरला. ताई बुधवारीच आल्या होत्या, परत जायचं रिझर्व्हेशन रात्रीचं, त्यामुळे आज नाही तर थेट दिवाळी.

सकाळी सर्व्हर बंद. बाराला सुरू झाला. बाहेर ऊन असं की बाईकच्या सीटवर हात ठेववत नव्हता, आत एक कूलर, तोही साहेबांच्या बाजूला. थोरल्यांचं झालं, धाकट्यांचं झालं (वेळेवर आले, प्रेसचा शर्ट घालून), ताईंचं झालं. आईंचा अंगठा मशीन घेईना. सगळं आयुष्य शेतात गेलेलं, बोटावर रेघा कुठं राहिल्यात. ऑपरेटर पोरगी चांगली होती, म्हणे आजी थांबा, ओल्या कपड्यानं पुसून बघू. पदराचं टोक माठाच्या पाण्यात भिजवून अंगठा पुसला, परत नाही. डावा, नाही. मधलं बोट घेतलं तेव्हा हिरवा दिवा लागला आणि ताईंनी टाळ्याच वाजवल्या.

पालिकेतर्फे सहीला मुख्याधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले साहेब. संध्याकाळी मंडळानं शेवभाजी ठेवली होती, तर्री जरा जास्तच होती.

२० मे

नोंदणी झाली की फेरफार (सातबाऱ्यावर नाव बदलायची नोंद) आपोआप तलाठ्याकडे जातो (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण आमच्यासाठी तलाठी आप्पाच) आणि पंधरा दिवसांची नोटीस लागते. हरकत आलीच. ट्रॉलीवाला. त्याचं म्हणणं, विकासकानं २००३ साली ओपन स्पेसमधला दीड गुंठा त्याला विकला, शंभरच्या स्टॅम्पवर लिहून दिलंय. कागद शेवटी घरातून निघाला तर. नोंद तक्रारी रजिस्टरला गेली, आता सुनावणी मंडळ अधिकाऱ्यांकडे.

यंदा मे महिन्यातच पाऊस सुरू झाला. मेन रस्त्यावर आपण खणलेल्या खड्ड्याच्या जागी तळं. आबांचा फोन, "साहेब, आते काय करानं?" म्हटलं भरून टाका मुरुमानं, मी तारखा बघतो.

१७ जून

सुनावणी. अर्ध्या तासात संपली. कागद नोंदवलेला नाही, आणि जमिनीची खरेदी नोंदवल्याशिवाय होत नाही हे मंडळ अधिकाऱ्यांनी त्यालाच वाचून दाखवायला लावलं. शिवाय मंजूर लेआउटमधली ओपन स्पेस, ती विकायचा अधिकार विकासकाला होताच कुठं. तो माणूस बाहेर येऊन माझ्यावर ओरडला, मग पायरीवर बसला आणि म्हणाला, त्या वेळी त्याने बैलजोडी विकून पैसे दिले होते. खोटं बोलत असेल असं मला वाटत नाही. विकासकानं त्याला फसवलं आणि कॉलनीलाही. थोरले तिथंच होते, त्यांनी त्याला बाजूला नेलं, काय बोलले माहीत नाही.

८ जुलै

फेरफार मंजूर. नवीन सातबारा काढला, रस्त्याच्या आणि ओपन स्पेसच्या दोन्हीच्या मालकी रकान्यात नगरपरिषद. ग्रुपवर टाकला, अंगठे आणि फुलं यांचा पाऊस, त्यात एकानं विचारलं मग काँक्रीट कधी.

२९ जुलै

पालिकेच्या स्थावर मालमत्ता नोंदवहीत एन्ट्री करून घेतली, ही लोक विसरतात आणि मग पुढच्या साहेबाला फाइलच सापडत नाही. नोंदवहीच्या पानाचा फोटो घेतला, क्रमांकासकट.

स्ट्रीटलाइटचं मीटर अजून विकासकाच्या नावानं आहे, थकबाकी आहे, ती भरल्याशिवाय महावितरण नाव बदलत नाही. धाकट्यांनी अर्धी भरायचं कबूल केलंय, अर्धी मंडळ. ट्रॉली अजून तिथंच आहे, पण तारेचं कुंपण निघालं. विहिरीच्या जाळीचं काम पालिकेनं घेतलं.

एस्टिमेट बनवायला सुरुवात. मेन रस्ता २०० मीटर, खाली ३० सेंमी मुरूम धरलाय, साहेब म्हणे २० करा, बसवता येईल नगरोत्थानमधे (शहरांच्या कामांसाठीची सरकारी योजना). मी तीसच ठेवलंय. गुरुवारी गटाराचं लेव्हल घ्यायचं, नाल्याच्या शेतवाल्याला आधी भेटून, तो सकाळी आठच्या आतच सापडतो.